बायपासनंतर साडेचार वर्षांनी मनगट मोडलं, रक्तातलं कॅल्शियम मात्र नॉर्मल... असं कसं?

पाटावरून_पडलेली

नमस्कार मंडळी, बरेच महिने नुसती वाचतेय, आज पहिल्यांदा लिहितेय आणि तेही डाव्या हाताने, त्यामुळे चुका पोटात घाला.

वय ४९, राहणार सातारा. साडेचार वर्षांपूर्वी पुण्यात मिनी गॅस्ट्रिक बायपास झालं, म्हणजे वजन कमी करायचं पोटाचं ऑपरेशन. तेव्हा वजन ११२ होतं, आता ६८-६९ च्या मधे अडकलंय. शुगरची गोळी सुटली, जिना चढताना गुडघे रडायचे ते थांबले, सगळं मस्त चाललं होतं. यंदा दिवाळीच्या साफसफाईत माळ्यावरचा डबा काढायला पाटावर उभी राहिले, पाट सरकला आणि मी हात टेकून पडले. पाटाची उंची ती काय, चार बोटं! उजवं मनगट मोडलं. हाडांचे डॉक्टर एक्सरे बघून म्हणाले एवढ्याशा पडण्याने मोडायला नको होतं, डेक्सा (हाडं किती भरीव आहेत ते मोजणारा स्कॅन) करून घ्या, आणि बरोबर रक्ताची एक लांबलचक यादी दिली.

रिपोर्ट असे आलेत: डेक्साचा टी-स्कोअर मणक्यात उणे १.९, खुब्यात उणे २.३, म्हणजे हाडं पातळ झालीत. व्हिटॅमिन डी १३. पीटीएच १३८ (कागदावर ६५ पर्यंत नॉर्मल लिहिलंय). अल्कलाइन फॉस्फटेज जास्त. हिमोग्लोबिन १०.६. आणि कॅल्शियम ९.१, म्हणजे अगदी मधोमध नॉर्मल!!

माझं डोकं इथेच चालेनासं झालंय. हे कॅल्शियम दरवर्षी नॉर्मलच यायचं, आणि ते बघूनच तर मी दोन वर्षांपूर्वी गोळ्या सोडल्या. एक तर पोट साफ व्हायचं नाही त्यांनी, दुसरं म्हणजे ऑपरेशन केलं तिथून पहिलं वर्षभर फोन यायचे तेही फक्त वजन किती झालं विचारायला, गोळ्या किती दिवस घ्यायच्या हे ना त्यांनी सांगितलं ना मी विचारलं. घेत होते तेव्हा कॅल्शियम १००० ची एक गोळी रोज सकाळी सहाला, थायरॉइडच्या गोळीबरोबरच, म्हणजे विसरायला नको. मधे टीएसएच (रक्ततपासणीतला आकडा, थायरॉइड कमी पडलं की वाढतो आणि जास्त झालं की उतरतो) वाढला म्हणून थायरॉइडची ७५ ची १०० झाली, ती अजून चालू आहे. पाळी जाऊन दीड वर्ष झालं.

आता हाडांच्या डॉक्टरांनी आठवड्यातून एकदा उपाशीपोटी घ्यायची एक गोळी लिहून दिलीय, ती घेतल्यावर अर्धा तास आडवं व्हायचं नाही म्हणे. त्यांना बायपासचं सांगितलं मी पण गर्दी इतकी होती की ऐकलं की नाही देव जाणे. ती सुरू करू का? आणि गेलेलं हाड परत येतं का? सासूबाईंनी तर डिंकाचे लाडू करायला घेतलेत.

एकेकाळी_११८

ताई, आधी तो हात सांभाळा. माझं बायपास होऊन सात वर्षं झाली आणि तिसऱ्या वर्षी मी हेच सगळं भोगलंय, फक्त माझ्या पायाचं हाड होतं, आणि मी तर पडलेपण नव्हते, चालता चालता केसाएवढी चीर गेलेली.

कॅल्शियम नॉर्मल का येतं ते मला माझ्या डॉक्टरांनी तेव्हा समजावलं होतं ते माझ्या भाषेत सांगते. वाणी दारात आला की घरातली पितळेची भांडी मोडीत काढायची आणि त्याचं बिल भागवायचं. वाण्याच्या वहीत तुमची बाकी शून्य, सगळं नॉर्मल. फडताळ उघडून कोण बघतंय? रक्तातलं कॅल्शियम म्हणजे ती वाण्याची वही. हृदय, स्नायू, नसा सगळ्यांना ते ठरावीक पातळीला लागतंच, म्हणून शरीर ते पडूच देत नाही. पोटातून आलं नाही तर हाडातून काढतं. आणि काढायचा हुकूम देतं ते पीटीएच, गळ्यात थायरॉइडच्या मागे चार बारक्या ग्रंथी असतात त्यातून येतं. तुमचं १३८ म्हणजे त्या ग्रंथी कितीतरी दिवस ओव्हरटाइम करतायत.

मिनी बायपासमधे आतड्याचा पहिला दीड-दोन मीटरचा भाग वळसा घालून सोडून देतात ना, कॅल्शियम सगळ्यात जास्त शोषलं जातं ते नेमकं तिथेच. लोह पण तिथेच. म्हणून तुमचं हिमोग्लोबिन १०.६, पाळी गेलेली असूनसुद्धा. गोळ्या "किती दिवस" याचं उत्तर जन्मभर असं आहे. मला पण कुणी धड सांगितलं नव्हतं.

घरगुती_उपाय

एवढ्या केमिकलच्या गोळ्या खाऊन काय होणार. शेवग्याच्या पाल्याची भाजी, तीळ, नाचणी, सकाळचं कोवळं ऊन. आमची आजी ९२ व्या वर्षी विहिरीवरून पाणी आणायची, तिने कुठे गोळ्या खाल्ल्या?

मेडिकलवाला

आजीचं आतडं पूर्ण होतं हो.

ताई, माझं मेडिकलचं दुकान आहे, २२ वर्षं काउंटरवर उभा आहे, तुमचं ते "कॅल्शियम १०००" वाचून लिहायला आलो. जुनी स्ट्रिप सापडली तर मागची बारीक अक्षरं वाचा, चष्मा लावून. तिथे "कॅल्शियम सायट्रेट १००० मि.ग्रॅ." असं असेल तर ते १००० हे पूर्ण क्षाराचं वजन आहे, त्यातलं खरं कॅल्शियम साधारण २१ टक्के, म्हणजे २१० मि.ग्रॅ. कार्बोनेट असेल तर ४० टक्के. म्हणजे १२५० कार्बोनेटमधून ५०० मिळतं. काही कंपन्या पुढेच "एलिमेंटल कॅल्शियम इतकं" असं स्पष्ट छापतात, काही मोठा आकडा पुढे आणि खरा आकडा मागे. गिऱ्हाईक येऊन सांगतं "हजारची द्या", आम्ही हजारची देतो, आणि त्याला वाटतं हजार पोटात गेलं.

दुसरं, कार्बोनेट विरघळायला पोटात ॲसिड लागतं, म्हणून ते जेवणाबरोबर घ्यायचं असतं. बायपासवाल्यांच्या पोटाची जी छोटी पिशवी करतात त्यात ॲसिड आधीच कमी आणि वर बहुतेकांना महिनोन्महिने ॲसिड कमी करायची गोळी, पॅन्टोप्राझोल, चालू असते. सायट्रेटला ॲसिडची गरज नाही, कधीही घ्या, आणि पोटपण त्यामानाने कमी जड होतं. किमतीत फरक आहे, सायट्रेट महाग पडतं, खोटं कशाला सांगू.

तिसरं आणि महत्त्वाचं. डी १३ आलंय म्हणजे तुम्हाला ६०,००० युनिटचं सॅशे (पावडरची पुडी) लिहून देतील. ते आठवड्यातून एकदा असतं. माझ्याकडचे एक काका रोज एक घेत होते, दोन महिने, दुधात घालून, त्यांना वाटलं ग्लुकोजसारखं काहीतरी असेल. उलट्या, प्रचंड तहान, संडास बंद, शेवटी ॲडमिट. त्यांचं कॅल्शियम मात्र खरंच वर गेलेलं होतं. तेव्हापासून मी प्रत्येक सॅशेवर पेनाने वार लिहून देतो. रवि, रवि, रवि, रवि.

आहारवाली_कोल्हापूर

मी आहारतज्ज्ञ आहे, वजनाच्या ऑपरेशनचे पेशंट रोज बघते. तुमची डॉक्टर नाही, रिपोर्ट हातात नाहीत, तेव्हा हे सगळं तुमच्या सर्जनला किंवा एंडोक्राइनच्या (हार्मोनच्या) डॉक्टरांना दाखवूनच करा.

पहिली गोष्ट त्या आठवड्याच्या गोळीची. सुरू करण्याआधी हाडांच्या डॉक्टरांना फोन करून "माझं बायपास झालंय" हे परत एकदा ठणकावून सांगा. त्या जातीच्या गोळ्या अन्ननलिकेला आणि पोटाला टोचतात, बायपासच्या जोडावर अल्सर व्हायची भीती असते, आणि शोषल्या किती जातील याचीपण खात्री नसते. म्हणून अशा पेशंटला औषध लागलंच तर शक्यतो शिरेतून देतात, झोलेड्रॉनिक ॲसिड, वर्षातून एकदा सलाइनसारखं. पण तेसुद्धा आत्ता लगेच नाही! डी १३ असताना ते दिलं तर हाडातून येणारं कॅल्शियम एकदम थांबतं आणि रक्तातलं धाडकन पडू शकतं, हातपाय वाकडे होतात, मुंग्या येतात. आधी डी आणि कॅल्शियम भरून काढायचं, पीटीएच खाली येतंय का बघायचं, मग औषधाचं. डी भरूनही पीटीएच उतरलं नाही आणि कॅल्शियम वर जायला लागलं तर मग त्या ग्रंथींमधेच काही आहे का ते शोधावं लागतं, ते वेगळं प्रकरण.

दुसरी गोष्ट तुम्ही जाता जाता लिहिलीत पण मला तीच जास्त खटकली. थायरॉइडची गोळी आणि कॅल्शियम एकत्र. कॅल्शियम त्या गोळीला पोटात धरून ठेवतं, ती शोषली जात नाही. म्हणजे टीएसएच वाढला तो कदाचित त्यामुळेच, आणि म्हणून डोस ७५ चा १०० झाला. मग तुम्ही कॅल्शियम बंद केलंत, पण १०० तशीच राहिली, आणि मधल्या काळात वजनही उतरलेलं. आता ती १०० पूर्ण शोषली जात असणार. थायरॉइड जास्त झालं तर तेसुद्धा हाड पोखरतं, पाळी गेल्यानंतर तर फारच. शेवटचा टीएसएच कधी केला? उद्याच करा.

वेळापत्रक माझ्या पेशंटना असं देते: सहाला थायरॉइड, नुसत्या पाण्याबरोबर. साडेदहाला पहिलं कॅल्शियम, म्हणजे मधे चार तास गेले. एकला जेवताना लोह आणि मल्टिव्हिटॅमिन, वर लिंबू पिळलेली कोशिंबीर, चहा तासभर तरी नाही. साडेचार-पाचला दुसरं कॅल्शियम, झोपताना तिसरं. लोह आणि कॅल्शियममधे किमान दोन तास हवेतच, दोघं एकाच दारातून आत जायला भांडतात. आणि एका वेळी ५००-६०० मि.ग्रॅ. च्या वर कॅल्शियम घेऊन उपयोग नाही, जास्तीचं तसंच बाहेर जातं. दिवसाला अन्न आणि गोळ्या धरून १२०० ते १५०० खरं कॅल्शियम हवं. आता हिशोब करा, २१० ची एक गोळी, तीही थायरॉइडबरोबर भांडत, म्हणजे तुम्ही नियमित घेत होतात तेव्हाही निम्म्याहून कितीतरी कमीच मिळत होतं.

डी चा साठा भरला की पुढे रोज ३००० युनिटच्या आसपास चालू ठेवतात आणि रक्तात ३० च्या वर राहील असं बघतात. बी१२ कुठे दिसलं नाही तुमच्या यादीत, तेपण करून घ्या.

आता खाण्याचं. वरच्या उपायवाल्यांना अगदीच उडवून लावू नका. नाचणी खरंच चांगली, १०० ग्रॅममधे साडेतीनशेच्या आसपास कॅल्शियम, पण बायपासवालं माणूस एका वेळी खातं किती? ३० ग्रॅम पिठाची पापडाएवढी भाकरी, त्यात जेमतेम १००, आणि त्यातलंही सगळं अंगी लागत नाही. आणि एक चूक सगळ्या घरांमधे होते, नाचणी भिजवून वाटून फडक्यातून गाळून पांढरंशुभ्र सत्त्व करतात आणि चोथा टाकतात. अहो, नाचणीचं कॅल्शियम बरंचसं त्या सालात असतं! गाळून जे उरतं ते खीर म्हणून छान लागतं इतकंच. अख्ख्या पिठाची आंबील करा, ताक घालून.

दूध सोसत नसेल (बायपासनंतर बऱ्याच जणांना गॅस होतो) तर दही-ताक सोसतं. तीळ भाजून कुटून चटणीत. शेवग्याचा पाला उत्तम, पालकावर मात्र कॅल्शियमसाठी भिस्त ठेवू नका, त्यातलं ऑक्झलेट ते सोडतच नाही.

आणि प्रोटीन! हाड म्हणजे नुसता चुना नाही, आत प्रोटीनची जाळी असते. दिवसाला ६० ग्रॅम तरी हवं. विचारलं की सगळ्या बायका सांगतात "डाळ खाते की", आणि वाटीत बघावं तर वरचं पाणी. अंडं, पनीर, सोयाबीन, मासे, चिकन, जे चालतं ते ताटात आधी खायचं, भात नंतर.

डिंकाच्या लाडवांचं सासूबाईंना गोड बोलून थांबवा. गूळ-तूप-खारीक, बायपासच्या पोटात ते भसकन आतड्यात उतरतं. घाम, धडधड, पोटात कळ, मग गुंगी. डिंकापेक्षा त्यातल्या खसखशीतच थोडंफार कॅल्शियम असेल.

घरगुती_उपाय

सालाचं माहीत नव्हतं. आम्ही पण गाळूनच करतो. आजीची पद्धत आठवली, ती गाळायची नाही.

दुबईवाला_पक्या

माझं स्लीव्ह झालंय, पाच वर्षं, म्हणजे नुसतं पोट कापून लहान करतात, आतड्याला हात लावत नाहीत. ज्यांचं स्लीव्ह झालंय ते "आपलं आतडं तर शाबूत आहे" म्हणून निवांत असतात, मी पण होतो. खाणंच इतकं कमी होतं की तिथेही झीज होतेच, बायपासपेक्षा कमी एवढंच. इथे दुबईत वर्षभर ऊन पण माझं डी ११ आलं होतं, घर ते गाडी ते ऑफिस, ऊन काचेतून बघायचं.

व्यायामाबद्दल कुणीच लिहिलं नाही म्हणून लिहितो. ४० किलो उतरले म्हणजे हाडांवर रोज बसणारं ४० किलोचं ओझं गेलं, हाडाला वाटतं आता कशाला जाड राहू. मी पहिली दोन वर्षं नुसता चालायचो, दहा-दहा हजार पावलं. मग ट्रेनर म्हणाला वजनं उचल. आता आठवड्यातून तीनदा बैठका, डंबेल. डॉक्टर म्हणाले व्यायामाने झीज बरीच अडते, गेलेलं सगळं परत येईल असं नाही. ताईंनी अर्थात प्लास्टर निघाल्यावर, आणि कुणाच्या तरी देखरेखीखाली.

एक प्रश्न, मला मागे मुतखडा झाला होता, कॅल्शियमने वाढेल अशी भीती वाटते म्हणून अर्धीच गोळी घेतो, बरोबर आहे का?

आहारवाली_कोल्हापूर

पक्या, मनाने अर्धी करू नका. या ऑपरेशनांनंतर, विशेषतः बायपासनंतर, होणारे खडे बहुतेक ऑक्झलेटचे असतात, आणि जेवणाबरोबरचं कॅल्शियम आतड्यातच ऑक्झलेटला पकडून बाहेर काढतं. कॅल्शियम कमी केलं तर उलट खडे वाढायची शक्यता. सायट्रेट तर खड्यांना विरोधच करतं. पाणी भरपूर, घोट घोट. तुमचा खडा कशाचा होता ते तपासलं होतं का? चोवीस तासांची लघवी एकदा तपासून घ्या, त्यात सगळं कळतं.

पाटावरून_पडलेली

तीन आठवड्यांनी परत आलेय. प्लास्टर निघालं, मनगट सुजलंय अजून, पोळी लाटता येत नाही (नवऱ्याच्या पोळ्यांचे नकाशे बघून हसायला येतं, गेल्या मंगळवारी तर थेट श्रीलंका).

जुनी स्ट्रिप सापडली, देवघराच्या खणात. दादा, तुम्ही म्हणालात तसंच. पुढे मोठ्ठं १०००, मागे भिंग लावून वाचलं तर कॅल्शियम सायट्रेट १००० मि.ग्रॅ., बाकी काही नाही. म्हणजे मी अडीच वर्षं २१० खात होते आणि त्यावर खूश होते.

टीएसएच ०.१८ आला. एंडोक्राइनच्या डॉक्टरांनी थायरॉइड परत ७५ वर आणली, म्हणाल्या हे तुम्हाला कुणी सांगितलं, मी म्हटलं कोल्हापूरच्या एका ताईंनी. आठवड्याची गोळी त्यांनी बंदच ठेवायला सांगितली, हाडांच्या डॉक्टरांशी त्या स्वतः बोलल्या. आता आठ आठवडे सॅशे, रविवारी (मीच पेनाने वार लिहिलेत), दिवसाला तीन वेळा कॅल्शियम, मग पीटीएच परत, त्यानंतर सलाइनवाल्या औषधाचं ठरवू म्हणाल्या. बी१२ पण कमीच निघालं, इंजेक्शन चालू झालंय.

सासूबाई रुसल्या होत्या दोन दिवस. मग त्यांना नाचणीच्या सालाचं सांगितलं, तर म्हणाल्या मग इतकी वर्षं मी चोथा म्हशीला घालत होते ते काय, म्हैस ठणठणीत होती ना. आता रोज साडेचारला आंबील समोर येते, गाळल्याशिवाय, अंमळ खरखरीत लागते.

एक राहिलंच. या सायट्रेटच्या गोळ्या केवढ्या मोठ्या असतात हो, घशात अडकतात माझ्या. मोडून घेतल्या तर चालतं का?

मेडिकलवाला

साधी गोळी असेल तर मोडा, काही होत नाही, मधली रेघ त्यासाठीच असते. नाहीतर चघळायच्या येतात, पावडरचे सॅशेपण येतात, पण घेताना मागचं वाचा, त्यात साखर असते कधीकधी. आणि पावडरचे सॅशे डी च्या सॅशेजवळ ठेवू नका, दिसायला सारखेच.